स्थळनाम, वारसा आणि पर्यटन : बेंगळुरूच्या शिवाजीनगरचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील.

१. स्थळनाम, ऐतिहासिक पुरावा आणि लोकस्मृती यांतील फरक सांगता येईल.
२. एखाद्या शहरी वस्तीचे इतिहास, समाजशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र या चारही अंगांनी वाचन करता येईल.
३. अभ्यागत, पर्यटक आणि एकदिवसीय अभ्यागत या संज्ञा प्रत्यक्ष उदाहरणाला लावता येतील.
४. वस्तीतल्या रहिवाशांना त्रास न होता क्षेत्रभेट आखता येईल.

१. प्रस्तावना

बी.ए.च्या वर्गात इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. प्रवास व पर्यटन हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्या सगळ्यांची गरज एकाच वेळी पडते. तो पर्यटकांचा गट घेऊन एखाद्या चौकात उभा राहतो तेव्हा प्रश्न एकामागून एक येतात. ही इमारत कोणी बांधली? इथे कोण लोक राहतात? हे नाव कसे पडले? आपण इथे आल्याने इथल्या माणसाला काय मिळते? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा समाजशास्त्राचा, तिसरा स्थळनामशास्त्राचा आणि चौथा अर्थशास्त्राचा आहे. सामाजिक शास्त्रे आणि पर्यटन हे विषय पदवी स्तरावर एकत्र का अभ्यासावेत, याचे उत्तर या चार प्रश्नांत आहे.

या घटकात आपण बेंगळुरूमधील शिवाजीनगर ही वस्ती उदाहरण म्हणून घेणार आहोत. मराठी विद्यार्थ्यासाठी हे उदाहरण दोन कारणांनी उपयोगी आहे. भोसले घराण्याचा बेंगळुरूशी खरोखर संबंध होता, हे पहिले कारण. दुसरे असे की, तो संबंध शिवाजीनगर या नावात दिसतो असे वाटते, पण त्याचे पुरावे शहराच्या दुसऱ्या भागांत आहेत. नावावरून इतिहास सांगण्याचा मोह किती फसवा असतो, हे इथे नीट समजते.

२. भोसल्यांचे बेंगळुरू : पुरावा कुठे आहे?

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये मातीचा किल्ला आणि त्याला लागून पेठ वसवली. तेच जुने बेंगळुरू. आजच्या के. आर. मार्केट आणि चिक्कपेटेच्या परिसरात ते होते. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने ते जिंकले. या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते. पुढे बेंगळुरू त्यांच्याकडे जहागीर म्हणून आले आणि त्यांच्या कर्नाटकातील कारभाराचे ठाणे झाले. १६४० च्या सुमारास जिजाबाई आणि बाल शिवाजी बेंगळुरूला आले आणि साधारण दोन वर्षांनी पुण्याला परतले, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात आहे. वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केला. या दरबारात अनेक भाषांतील कवी आपली रचना सादर करत, अशी माहिती त्यातून मिळते. म्हणजे बेंगळुरूचा बहुभाषिकपणा माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

शहाजीराजांनंतर त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे हा प्रदेश आला. त्यांच्या काळातला एक ठळक पुरावा आजही मल्लेश्वरम भागात आहे. तिथल्या काडु मल्लेश्वर देवालयाशी संबंधित १६६९ च्या शिलालेखात एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवस्थानाला दिल्याची नोंद आहे. पुढे एकोजींनी तंजावरला राज्य स्थापन केले. १६८७ मध्ये बेंगळुरू मोगलांच्या हाती गेले आणि त्यानंतर तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे आले. भोसले घराण्याचा बेंगळुरूशी असलेला संबंध असा सुमारे अर्धशतकाचा आहे.

आता नकाशा समोर ठेवा. किल्ला आणि पेठ शहराच्या जुन्या भागात आहेत. शिलालेख वायव्येकडील मल्लेश्वरमला आहे. शिवाजीनगर मात्र कब्बन पार्कच्या पलीकडे, ईशान्येला आहे. शहाजीराजांच्या काळात तिथे शहर नव्हते. म्हणून ‘शिवाजीमहाराज लहानपणी इथे राहिले, त्यावरून या भागाला शिवाजीनगर म्हणतात’ असे वाक्य गाइडने उच्चारले, तर ते ऐकायला छान वाटेल, पण चुकीचे असेल.

३. ब्लॅकपल्ली ते शिवाजीनगर : छावणीचा इतिहास

शिवाजीनगरची आजची रचना एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पराभवानंतर इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणला होती. तिथे तापाच्या साथींनी सैनिक हैराण झाले. थंड हवेच्या बेंगळुरूजवळ नवी छावणी उभारण्याचे ठरले आणि १८०९ मध्ये फौज तिथे आली. जॉन ब्लॅकिस्टन या लष्करी अभियंत्याने छावणीची आखणी केली.

फौज आली की तिच्यामागून बाजार येतो. सैन्याला धान्य, मांस, भाजी, कपडे, चामड्याच्या वस्तू, घोड्यांचे सामान, धोबी, शिंपी, आचारी, कंत्राटदार असे सगळे लागते. ही गरज भागवण्यासाठी मद्रास प्रांतातून तमिळ व्यापारी आणि कारागीर आले, दखनी बोलणारे मुसलमान आले, कच्छी मेमन व्यापारी आले. छावणीच्या मोकळ्या बंगल्यांपासून थोड्या अंतरावर अरुंद गल्ल्यांची दाट वस्ती उभी राहिली. तिलाच ब्लॅकपल्ली म्हणत.

या जुन्या नावाची व्युत्पत्तीही अभ्यासण्याजोगी आहे. एका मतानुसार ते ब्लॅकिस्टन या आडनावावरून आले. दुसऱ्या मतानुसार ते मूळ ‘बिळी अक्की पळ्ळी’, म्हणजे पांढऱ्या तांदळाचे गाव, असे होते आणि इंग्रजी उच्चारात त्याचे ब्लॅकपल्ली झाले. ‘काळे’ आणि ‘पांढरे’ अशा उलट अर्थांकडे नेणाऱ्या या दोन कथा एकाच नावाबद्दल सांगितल्या जातात. अशा वेळी विद्यार्थ्याने दोन्ही मते नोंदवावीत आणि ‘असे म्हटले जाते’ हे शब्द गाळू नयेत.

१८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूर संस्थान वोडेयर राजांना परत दिले, पण छावणीचा भाग ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ या नावाने स्वतःच्या ताब्यात ठेवला. त्यामुळे एकाच शहरात दोन कारभार चालले : पेठेचा भाग संस्थानाकडे, छावणीचा भाग इंग्रजांकडे. १९४७ मध्ये छावणीचा भाग म्हैसूरला परत मिळाला आणि १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका एकत्र होऊन बेंगळुरू महानगरपालिका झाली. स्वातंत्र्यानंतर ब्लॅकपल्ली हे नाव मागे पडून शिवाजीनगर हे नाव रूढ झाले.

म्हणजे या वस्तीला शिवाजीमहाराजांचे नाव मिळाले ते त्यांच्या स्मरणार्थ. इंग्रजी अमलाखालच्या वस्तीचे नाव बदलताना एका भारतीय राजाचे नाव निवडले गेले, हाही इतिहासच आहे. तो सतराव्या शतकाचा नसून विसाव्या शतकाचा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

पुण्याशी तुलना. पुण्यातील शिवाजीनगर हा भाग पूर्वी भांबुर्डे या नावाने ओळखला जाई. शिवाजीमहाराजांचे बालपण ज्या लाल महालाशी जोडलेले आहे तो नदीच्या अलीकडे, कसबा पेठेच्या परिसरात होता. आज तिथे दिसणारी वास्तू विसाव्या शतकातील पुनर्बांधणी आहे. दोन्ही शहरांत नाव एका ठिकाणी आणि घटनेची जागा दुसऱ्या ठिकाणी आहे.

४. नाव, स्मृती आणि पुरावा : तीन वेगळ्या गोष्टी

वरील चर्चेतून तीन संज्ञा स्पष्ट होतात.

पुरावा म्हणजे शिलालेख, कागदपत्र, वास्तू, समकालीन ग्रंथ. तो तपासता येतो. काडु मल्लेश्वरचा शिलालेख हा पुरावा आहे.

स्मृती म्हणजे समाज भूतकाळातील कोणती गोष्ट जपायची ठरवतो ते. रस्त्याला किंवा वस्तीला नाव देणे ही स्मृती जपण्याची एक रीत आहे. स्मृतीला खोटे म्हणून झटकता येत नाही, कारण लोकांच्या भावना तिच्यात गुंतलेल्या असतात. मात्र तिला पुराव्याच्या जागी बसवता येत नाही.

स्थळनाम हे या दोहोंमध्ये असते. कधी ते पुरावा असते, कधी केवळ स्मृती. शिवाजीनगरच्या गल्ल्यांची नावे पाहा. इन्फंट्री रोड हे नाव पायदळाच्या वास्तव्याची खूण आहे. घोडदळाची आठवण सांगणाऱ्या कॅव्हलरी रोडचे नाव पुढे कामराज रोड झाले. मीनाक्षी कोइल स्ट्रीट आणि धर्मराजा कोइल स्ट्रीट या नावांतला ‘कोइल’ म्हणजे तमिळमध्ये देऊळ. तमिळ वस्तीचा तो पुरावा आहे. ओल्ड पूअर हाऊस रोड हे नाव छावणीतल्या निराधारांच्या आश्रयस्थानाची आठवण देते. इब्राहिम साहेब स्ट्रीट, नारायण पिल्लै स्ट्रीट ही माणसांची नावे आहेत. गल्ल्यांच्या पाट्या वाचत गेले तरी छावणीची लोकवस्ती कशी बनली याचा आराखडा हाती येतो.

नावाचा प्रश्न किती संवेदनशील असतो याचे अलीकडचे उदाहरण सप्टेंबर २०२५ मधले आहे. बेंगळुरू मेट्रोच्या शिवाजीनगर येथील भुयारी स्थानकाला सेंट मेरी यांचे नाव देण्याची शिफारस करू, असे कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बॅसिलिकेच्या वार्षिक उत्सवात सांगितले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. हा शिवाजीमहाराजांचा अवमान असल्याचे त्यांचे म्हणणे होते. स्थानकाजवळचे शतकाहून जुने तीर्थस्थान ही एक बाजू, आणि वस्तीला रूढ झालेले राजाचे नाव ही दुसरी. या वादात विद्यार्थ्याने कोणती बाजू घ्यावी हे सांगणे या घटकाचे काम नाही. दोन्ही बाजू स्मृतीविषयी बोलत आहेत, हे ओळखता आले म्हणजे विश्लेषणाची पहिली पायरी गाठली.

५. वस्तीतील प्रमुख स्थळे

सेंट मेरीज बॅसिलिका. बेंगळुरूतील सर्वांत जुन्या चर्चपैकी हे एक. गॉथिक शैलीतील आजची वास्तू १८८२ मध्ये पूर्ण झाली आणि १९७३ मध्ये चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. दरवर्षी २९ ऑगस्टला ध्वजारोहण होते आणि ८ सप्टेंबरला, मेरीच्या जन्मदिनी, रथाची मिरवणूक निघते. मेरीच्या मूर्तीला साडी नेसवलेली असते आणि नवस बोललेले अनेक भाविक भगवी वस्त्रे घालतात. तमिळ, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत प्रार्थना होतात. मुंबईकर वाचकाला याच सुमारास भरणारी वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा आठवेल. दोन्ही ठिकाणी ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने येतात.

रसेल मार्केट. १९२७ मध्ये उभारलेल्या या मंडईचे उद्घाटन १९३३ मध्ये व्यापारी व दानशूर इस्माईल सेट यांच्या हस्ते झाले. छावणीचे महापालिका आयुक्त टी. बी. रसेल यांचे नाव तिला मिळाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही तिथले पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचेच नाव होते. पुढे ती महात्मा जोतिबा फुले मंडई झाली. फळे, फुले, भाजी, मासळी, मांस, खजूर आणि सुका मेवा अशी रसेल मार्केटची मांडणी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये लागलेल्या आगीत अनेक गाळे जळाले, तरी मंडई पुन्हा सुरू झाली. मंडईचा वारसा विटांच्या भिंतींइतकाच पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसणाऱ्या व्यापाऱ्यांत आहे, हे त्या घटनेतून दिसले.

रुग्णालये. बाउरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालयाला म्हैसूरचे आयुक्त लेविन बाउरिंग यांचे नाव आहे. जवळच हाजी सर इस्माईल सेट घोषा रुग्णालय आहे. ‘घोषा’ म्हणजे मराठीतला गोषा. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना उपचार घेता यावेत म्हणून हे रुग्णालय उभे राहिले. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा एक शब्दच बरेच काही सांगतो. मात्र चालू रुग्णालये ही पर्यटकांना दाखवण्याची ठिकाणे नव्हेत. त्यांची माहिती बाहेरून, रस्त्यावरूनच द्यावी.

कमर्शियल स्ट्रीट. वस्तीला लागूनच कापड, दागिने आणि चपलांची ही बाजारपेठ आहे. छावणीतली खरेदीची जागा ही तिची जुनी ओळख आजही टिकून आहे.

६. भूगोलाच्या नजरेतून

केविन लिंच यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या पुस्तकात म्हटले आहे की, माणसे शहराचे चित्र मनात पाच घटकांनी तयार करतात : मार्ग, कडा, विभाग, केंद्रे आणि खुणेच्या जागा. हे घटक शिवाजीनगरला असे लावता येतात.

- मार्ग : इन्फंट्री रोड, कमर्शियल स्ट्रीट, जुम्मा मशीद रोड.
- कडा : दक्षिणेला कब्बन रोड आणि लष्करी परेड मैदान. इथे दाट वस्ती एकदम संपते.
- विभाग : मंडईचा भाग, कापडबाजाराचा भाग, राहत्या गल्ल्या.
- केंद्रे : शहर बसस्थानक आणि रसेल मार्केटसमोरचा चौक.
- खुणेच्या जागा : बॅसिलिकेचे शिखर, मंडईचा दर्शनी भाग.

विद्यार्थ्याने हा आराखडा स्वतः चालून काढावा आणि नंतर एखाद्या दुकानदाराला किंवा रिक्षावाल्याला त्याच भागाचा नकाशा तोंडी सांगायला लावावा. दोन्हींत फरक पडतो. पर्यटकाला चर्च खूण वाटते; रोज येणाऱ्याला बसस्थानकाचा फलाट. सहल आखताना हा फरक उपयोगी पडतो, कारण वाट विचारताना उत्तर स्थानिकाच्या नकाशावरून मिळते.

७. पर्यटक कोण? संज्ञांचा वापर

संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, एक वर्षापेक्षा कमी काळासाठी, तिथल्या संस्थेची नोकरी सोडून इतर कोणत्याही हेतूने जाणारी व्यक्ती म्हणजे अभ्यागत. मुक्काम करणारा अभ्यागत म्हणजे पर्यटक, मुक्काम न करणारा म्हणजे एकदिवसीय अभ्यागत. ८ सप्टेंबरच्या गर्दीला ही व्याख्या लावून पाहू.

- शेजारच्या फ्रेझर टाउनमधून चालत आलेली आजी अभ्यागत नाही. हा तिचा नेहमीचा परिसर आहे.
- कोलारहून सकाळी येऊन रात्री परतणारे कुटुंब एकदिवसीय अभ्यागत आहे.
- चेन्नईहून येऊन लॉजवर दोन रात्री राहणारा भाविक पर्यटक आहे.
- उत्सवात खेळणी विकायला दुसऱ्या गावाहून आलेला फेरीवाला स्वतःचा धंदा करतो, कोणाची नोकरी नव्हे. त्याला कोणत्या गटात घालायचे याची चर्चा वर्गात करावी.

चौघेही एकाच रांगेत उभे असतात. म्हणून गर्दी मोजणे म्हणजे पर्यटक मोजणे नव्हे.

८. पैसा कुठे जातो? गुणक आणि गळती

पर्यटकाने खर्च केलेला रुपया स्थानिक हातांतून पुन्हा पुन्हा फिरला तर एकूण उत्पन्न वाढते. याला गुणक परिणाम म्हणतात. तो रुपया वस्तीबाहेर गेला तर ती गळती. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका सहलीचे शुल्क माणशी १,००० रुपये आहे असे समजा. पहिल्या प्रकारात बाहेरचा गाइड, बाहेरची बस, बाहेरून आणलेले जेवणाचे डबे. वस्तीत फक्त चहाचे ५० रुपये खर्च होतात. म्हणजे ९५ टक्के गळती. दुसऱ्या प्रकारात सहल पायी आहे, निम्मे शुल्क वस्तीतल्या गाइडला मिळते, ३०० रुपयांचे जेवण स्थानिक खानावळीत होते आणि १०० रुपयांची फळे मंडईतून घेतली जातात. इथे ९०० रुपये वस्तीत पोहोचतात. शिवाय खानावळवाला आपली भाजी आणि मांस बहुधा त्याच मंडईतून घेतो, म्हणून त्यातले काही रुपये दुसऱ्यांदाही फिरतात. पर्यटकाला दोन्ही सहलींत तीच ठिकाणे दिसली. वस्तीच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या सहली आहेत.

आणखी एक बाजू पाहावी. पर्यटनासाठी परिसर ‘सुधारताना’ रस्ते खणले जातात, हातगाड्या हटवल्या जातात, भाडी वाढतात. सुधारणा नकोच असे कोणी म्हणत नाही. पण फूटपाथ सुंदर झाला आणि तिथली फुलवाली गेली, तर पर्यटक जे पाहायला येणार होता तेच नाहीसे होते. आराखडा तपासताना विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत : काम चालू असताना धंदा किती दिवस बंद राहणार, आणि काम संपल्यावर तेच लोक तिथे असणार का?

९. अस्सलपणा आणि वहनक्षमता

समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनल यांनी १९७० च्या दशकात ‘मांडलेला अस्सलपणा’ ही कल्पना मांडली. पर्यटकाला खरे जीवन पाहायचे असते, म्हणून यजमान ‘खऱ्या जीवनाचा’ देखावा उभा करतात. शिवाजीनगरमध्ये अडचण उलट आहे. इथे देखावा नाही. खरेच काम चालू आहे. मांस तोडणारा खाटीक, ओझे वाहणारा हमाल, रमजानमध्ये रोजा सोडायला घाईने निघालेला माणूस यांतले कोणीही पर्यटकासाठी उभे नाही. त्यांच्या कामात आपण आडवे येतो.

म्हणून वहनक्षमता महत्त्वाची. एखादे ठिकाण स्वतःचे काम न बिघडता किती अभ्यागत सामावू शकते, ती त्याची वहनक्षमता. अरुंद गल्लीत तीस जणांचा गट थांबला की हमालाची वाट अडते आणि गिऱ्हाईक परत जाते. आठ-दहा जणांचा गट, माल उतरवण्याची वेळ टाळून, चौकात थांबून माहिती ऐकणे आणि गल्लीत न थांबता चालणे, एवढ्या साध्या नियमांनीही फरक पडतो.

१०. क्षेत्रभेटीची पद्धत

१. पूर्वतयारी : जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून बदललेल्या नावांची यादी करा.
२. चालत निरीक्षण : ठरलेला एकच मार्ग पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी असा तीनदा चाला. मंडई पहाटे घाऊक असते, संध्याकाळी किरकोळ. एकाच भेटीतून काढलेला निष्कर्ष अर्धा राहतो.
३. दुकानांची नोंद : शंभर पावलांतली दुकाने, धंद्याचा प्रकार आणि पाट्यांवरच्या भाषा लिहून घ्या.
४. मुलाखती : आधी परवानगी, मग प्रश्न, आणि गिऱ्हाईक आले की लगेच बाजूला व्हा. ‘ही जागा तुम्ही काय नावाने ओळखता?’ हा प्रश्न सर्वांना विचारा. वयानुसार उत्तरे बदलतात का ते पाहा.
५. छायाचित्रे : माणसांची, प्रार्थनेची आणि मांसविक्रीची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नका. नकार मिळाला तर कारण विचारू नका.
६. अहवाल : पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले तीन वेगळ्या रकान्यांत मांडा.

शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगी आहे. बहुतेक चुकीच्या गाइड-कथा ऐकलेले वाचलेल्याच्या रकान्यात गेल्यामुळे तयार होतात.

११. गाइडचे निवेदन : एक नमुना

महाराष्ट्रातून आलेल्या गटाला शिवाजीनगरबद्दल काय सांगावे?

*टाळावे असे निवेदन :* “शिवाजीमहाराज लहानपणी या भागात राहत होते, म्हणून याला शिवाजीनगर म्हणतात.”

*योग्य निवेदन :* “शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर होती आणि बाल शिवाजी काही काळ या शहरात होते. ते शहर म्हणजे जुना किल्ला आणि पेठ. तिकडे आपण उद्या जाऊ. एकोजींच्या दानाचा शिलालेख मल्लेश्वरमला आहे, तोही पाहू. आपण उभे आहोत ती वस्ती त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, इंग्रजी छावणीबरोबर वाढली. तिचे जुने नाव ब्लॅकपल्ली. स्वातंत्र्यानंतर तिला महाराजांचे नाव मिळाले.”

दुसरे निवेदन लांब आहे, पण त्यातून गटाला एकाऐवजी तीन ठिकाणे पाहण्याचे कारण मिळते. महाराजांविषयीचा आदर त्यात कमी होत नाही आणि या वस्तीतल्या तमिळ, दखनी, कन्नड बोलणाऱ्या माणसांचा इतिहासही झाकला जात नाही. अचूक माहिती धंद्यालाही फायद्याची असते, हे पर्यटनाच्या विद्यार्थ्याने ओळखावे.

१२. सारांश

बेंगळुरूशी भोसले घराण्याचा संबंध १६३८ नंतरच्या सुमारे अर्धशतकाचा आहे. त्याचे पुरावे जुन्या शहरात, शिलालेखात आणि ग्रंथांत आहेत. शिवाजीनगर ही १८०९ नंतर छावणीबरोबर वाढलेली, अनेक भाषांची व धर्मांची बाजारवस्ती असून तिचे नाव स्मरणार्थ दिलेले आहे. स्थळनाम हा संशोधनाचा आरंभ असतो, निष्कर्ष नव्हे. पर्यटनाचे नियोजन करताना पैसा कोणाच्या हाती जातो आणि चालू काम किती अडते, हे पाहणे स्थळाच्या सौंदर्याइतकेच आवश्यक आहे.

१३. स्वाध्याय

अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. पुरावा आणि स्मृती यांतील फरक शिवाजीनगरच्या आधारे स्पष्ट करा.
२. लष्करी छावणीमुळे ब्लॅकपल्लीची लोकवस्ती कशी घडली?
३. अभ्यागत आणि पर्यटक यांतील फरक बॅसिलिकेच्या उत्सवाच्या उदाहरणाने सांगा.

आ) सविस्तर लिहा.
१. मेट्रो स्थानकाच्या नावाच्या वादात दोन्ही बाजूंचा स्मृतीविषयक दावा काय आहे, ते स्वतःचे मत न देता मांडा.
२. मंडई हे पर्यटनस्थळ करताना व्यापाऱ्यांचे हित कसे जपता येईल?

इ) उपक्रम.
तुमच्या गावातील किंवा शहरातील नाव बदललेली एक वस्ती निवडा. जुने नाव अजून कोण वापरते, नवे नाव कोण वापरते आणि कोणत्या प्रसंगी, हे किमान दहा व्यक्तींशी बोलून नोंदवा. त्यावरून त्या वस्तीसाठी पाच मिनिटांचे गाइड-निवेदन लिहा आणि ते आधी तिथल्याच एखाद्या रहिवाशाला वाचून दाखवा.